गुळगुळीत बिल्ला

किल्ल्याच्या शैक्षणिक साहित्याला पहिलं पारितोषिक मिळालं, आणि ते साहित्य लिहिणाऱ्या बाईंच्या मुलीशी वर्गात कोणी कधीच बोलायचं नाही, असं कायमचं ठरून गेलं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी झाल्या. असो. आपण यातलं काही ऐकलेलं नाही. अजून काहीच झालेलं नाही. बाई पागेत बसल्या आहेत आणि लाकडाच्या चकत्यांना भोकं पाडताहेत.

पागा म्हणजे किल्ल्यातली घोड्यांची पागा. घोडे केव्हाच गेले, त्यांच्यावर बसणारेही गेले. आता तिथे शिक्षण कक्ष होता. घोडे बांधायच्या लोखंडी कड्यांना क्षेत्रभेटीला आलेली मुलं दप्तरं अडकवायची. हवा दमट झाली की भिंतींना अजून घोड्यांचा वास येतो, असं बाई प्रत्येक शाळेला कौतुकाने सांगायच्या. किल्ल्याच्या अधीक्षक मॅडमचं म्हणणं, की तो वास बाईंच्या डब्याचा आहे.

मॅडमचं आणि पागेचं पटत नव्हतं. त्यांना तिथे दुकान हवं होतं. छोट्या तलवारी, किल्ल्याचं चित्र छापलेले कप, दाबलं की खिंकाळणारा घोडा. सुतार येऊन भिंतींची मापंही घेऊन गेला होता. बाई टेबलाशी काम करत असताना त्याने टेप त्यांच्या डोक्यावरून ताणला आणि "मान जरा खाली घ्या, ताई" म्हणाला. बाईंनी घेतली.

"बाई, तुमच्यावर माझा राग नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुमचं साहित्य बघा. 'बुरूज मोजा. घोडा रंगवा.' परवाच्या शाळेने बुरूज बसमध्येच मोजून टाकले. आणि दरबारात अख्खा वर्ग झोपला."

"दगड गार असतात ना. झोप येते."

"त्यांचे शिक्षकही झोपले होते. ते तर उभे होते."

 बाईंना एवढंच कळलं की आता काहीतरी जबरदस्त केलं नाही, तर उरलेलं आयुष्य खिंकाळणारा घोडा दाबून दाखवण्यात जाणार.

म्हणून त्यांनी नवं साहित्य लिहायला घेतलं. मुलांनी मध्ययुग मोजायचं नाही, भोगायचं, ही त्यामागची कल्पना. आल्या आल्या प्रत्येक मुलाने कापडी पिशवीत हात घालायचा आणि एक लाकडी बिल्ला काढायचा. बिल्ल्यावर जे कोरलेलं असेल ते त्याने खेळ संपेपर्यंत व्हायचं. राजा, दिवाण, लोहार, आचारी, पखालवाला, भाट, आणि बाकी जनता. एकच बिल्ला कैद्याचा. कैद्याने कोठडीत बसायचं, आणि दिवस संपताना किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात राजाने सगळ्यांसमोर त्याला माफी द्यायची.

प्रयोगाला जी पहिली शाळा आली, तिच्या राजाने अर्ध्या तासात आपला बिल्ला चॉकलेटला विकला. जेवणापर्यंत किल्ल्यावर तीन राजे झाले आणि तिघांनी मिळून आचाऱ्याला बडवलं. म्हणून बाईंनी नियम केला: बिल्ला एकदा गळ्यात पडला की खेळ संपेपर्यंत काढायचा नाही, बदलायचा नाही, विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, आणि राजा नसताना राजासारखं बोलेल तो तोतया, त्याची रवानगी कोठडीत. दुसऱ्या शाळेचा कैदी नकलाकार निघाला. सगळी जनता दिवसभर कोठडीभोवती बसून हसत राहिली आणि राजा एकटाच दरबारात रडला. म्हणून आणखी एक नियम: कैद्याशी कोणीही बोलायचं नाही. बोलेल तोही कैदी.

या नियमाने चमत्कार झाला. मुलं गप्प झाली. खरोखरीची गप्प, आजारी असल्यासारखी. कोठडीवरून जाताना ती पाय वाजवेनाशी झाली. आणि दिवसाच्या शेवटी दरवाजात राजा म्हणायचा, "जा, तुला माफ केलं," तेव्हा अशी आरोळी उठायची की खंदकातले बगळे उडायचे. मुलं रडायची, शिक्षक रडायचे. एकदा बसचा ड्रायव्हरही रडला, पण त्याचं कारण वेगळं निघालं. सरबत वाटलं जायचं. एकामागून एक शाळा येऊ लागल्या, आणि मॅडमनी साहित्याचं नाव पारितोषिकासाठी पाठवून दिलं.

"मिळालं तर पागा तुमची," त्या म्हणाल्या. "नाही मिळालं तर सुतार मापं फेकून देत नाही."

आता बाईंच्या घराकडे वळू. घरात तीन माणसं आणि एक गळका नळ. गळका नळ असण्याचं कारण, बाईंचा नवरा नळ दुरुस्त करायचा. गावभर दुसऱ्यांचे नळ बंद करून तो घरी यायचा आणि स्वतःच्या नळाची टिपटिप ऐकत शांत झोपायचा. मुलगी चौथीत होती. तोंडात घास भरून गाल फुगवायची सवय, म्हणून तिला खारू म्हणायचे. आणि बोलायची सवय तर विचारू नका. घास गालात ठेवून ती उरलेल्या तोंडाने बोलायची. झोपेत बोलायची. आंघोळ करताना भिंतीशी बोलायची. "आपल्या घरात दोन नळ गळतात," बाप म्हणायचा, "त्यातला एक मला दुरुस्त करता येतो, पण मी करत नाही. दुसरा करता येत नाही."

आणि खारूचाच वर्ग क्षेत्रभेटीला येणार होता.

"मी राजा होणार," आदल्या संध्याकाळी जेवताना खारू म्हणाली. "राजा झाले की मी पहिल्यांदा भाषण करणार. मग सगळ्यांची चौकशी करणार. मग दुसरं भाषण."

"सोडत असते बाळा," बाई म्हणाल्या. "नशिबात असेल ते निघतं."

खारूचा चेहरा पडला. गाल मात्र फुगलेलेच राहिले, कारण आत बटाटा होता. आईला ते बघवेना. कुठल्या आईला बघवलं असतं? बाईंनी दाराकडे पाहिलं, जणू पारितोषिक समिती चपला काढून बाहेरच उभी आहे, आणि आवाज खाली आणला.

"हे बघ. राजाचा बिल्ला मी दोनदा घासलाय. पॉलिश पेपरने. बाकीचे खरखरीत आहेत. पिशवीत हात गेला की घाई करू नकोस. चाचपड. सगळ्यात गुळगुळीत लागेल, तो उचल."

"ही कसली सोडत?" नवरा म्हणाला.

"तू नळाकडे बघ."

"बघतोय. गळतोय."

इथे एक गोष्ट बाईंना सुचायला हवी होती, आणि सुचली नाही. त्यांनी राजाचा बिल्ला घासला तो पहिल्या प्रयोगाच्या आधी. त्यानंतर कितीतरी शाळा येऊन गेल्या. राजा झालेलं प्रत्येक मूल हुकूम सोडताना बिल्ला टेबलावर आपटायचं. राजाच्या बिल्ल्याचे टवके उडून त्याच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. आणि कैदी? कैद्याला दिवसभर काही काम नसतं. कोणी बोलत नाही, कोणी ऐकत नाही. मग हात आपोआप गळ्यातल्या बिल्ल्याकडे जातो आणि अंगठा त्यावरून फिरायला लागतो. प्रत्येक शाळेचा एक कैदी, प्रत्येक कैद्याचा एक अंगठा. किल्ल्यातला सगळ्यात गुळगुळीत बिल्ला कुठला, हे एखाद्या कैद्याने चटकन सांगितलं असतं. पण त्याच्याशी बोलायचं नसतं.

सकाळी वर्ग पागेत दप्तरं अडकवून ओळीत उभा राहिला. वर्गशिक्षक होते एक सर, घशाच्या गोळ्या चघळणारे. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता आणि बोलताना तो बिजागरीसारखा कुरकुरायचा. अधीक्षक मॅडम मुद्दाम सोडत बघायला आल्या होत्या. खारूने पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले. चाचपडली. पुन्हा चाचपडली.

"अगं, मासे पकडतेस का?" मागून कोणीतरी म्हणालं. त्या वर्गातलं तिच्याशी कोणी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

खारूने बिल्ला बाहेर काढला, न बघताच गळ्यात घातला, आणि आईकडे पाहून विजयी हसली. मग खाली पाहिलं.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बाईंच्या तोंडातून "अरे" एवढंच निघालं. एका वाक्याचं काम होतं. 'थांबा, पिशवी नीट हलवली नव्हती, पुन्हा काढू.' पण मॅडम बघत होत्या, आणि बिल्ला गळ्यात पडला की बदलायचा नाही हा नियम भिंतीवर बाईंच्याच अक्षरात टांगलेला होता.

"वा!" बाई म्हणाल्या. "कैदी! दिवसातली सगळ्यात महत्त्वाची भूमिका!"

पुढचा हात बँक मॅनेजरच्या मुलाचा. त्याने पिशवीत बोटं बुडवली आणि ओरखडा उठल्यासारखा हात बाहेर ओढला. राजा. तो मुलगा इतका शांत होता की त्याचं नाव घ्यायची वेळ आली की सरांना हजेरीपटात बघावं लागायचं. दिवाणाचा बिल्ला गेला एका चष्मेवाल्या मुलाकडे. त्याने लगेच नियमांचा तक्ता वाचायला घेतला आणि ओठ हलवत पाठ करून टाकला.

कोठडी जमिनीखाली होती; वरून जाळी. बाईंनी स्वतःच्या हाताने मुलीला शिडीवरून खाली सोडलं. खारू खाली जाऊन वर बघून हसली. तिला वाटत होतं, हा आईचा काहीतरी मोठा बेत आहे.

मग वर्गाला तिसरी कृतिपत्रिका देण्यात आली: 'कैद्याकडे वरून पाहा. तो काय विचार करत असेल? दोन ओळी लिहा.' मुलं जाळीभोवती पालथी पडून लिहायला लागली. कोणी लिहिलं, 'कैद्याला भूक लागली असेल.' कोणी लिहिलं, 'कैद्याला वाटत असेल की त्याने गुन्हा करायला नको होता.' एका मुलीने लिहिलं, 'कैदी विचार करत आहे की आपली आई वर उभी आहे तरी काही करत नाही. कदाचित ती राजाला घाबरत असेल.' निरीक्षण चांगलं होतं. बाईंनी त्यावर तारा काढून दिला. साहित्यात तशी सूचनाच होती.

दुपार कलली. सरबताचे पेले भरून ठेवले गेले. माफीच्या समारंभासाठी वर्ग मोठ्या दरवाजाकडे निघाला, आणि नेमकी त्याच वेळी दरवाजाबाहेर एक गाडी उभी राहिली. टपावर गादी, दोन खुर्च्या आणि एक सायकल बांधलेली. बँक मॅनेजरची बदली झाली होती. मुलाची सहल बुडू नये म्हणून त्यांनी सामान हलवायला दुपार केली होती. चांगली माणसं होती. मॅनेजरनी सरांना नमस्कार केला, मुलाचा हात धरला आणि त्याला गादीखाली मागच्या सीटवर कोंबलं. बिल्ला त्याच्या स्वेटरच्या आत होता. अशा रीतीने राजाने राज्य सोडलं आणि सरबत गार असेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. इतिहासात हे फार थोड्यांना जमलेलं आहे.

"राजा कुठाय?" दिवाणाने विचारलं.

बस हॉर्न वाजवत होती. "उद्या वर्गात करू माफीचं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खारू शाळेत गेली ती तोंडात काठोकाठ गोष्टी भरून. कोठडीत बेडूक होता, बेडकाला तिने नाव ठेवलं होतं, बेडकाशी तिची चर्चा झाली होती. बाकावर बसून तिने सुरुवात केली, आणि शेजारच्या मैत्रिणीने खिडकीकडे तोंड फिरवलं. पुढच्या बाकाने पाठ ताठ केली. खारू हसली. मग थोडी मोठ्याने बोलली. मग उभी राहून बोलली.

"सर, ही बोलतेय," दिवाण म्हणाला. "तिला बोलायला बंदी नाही. पण उत्तर दिलं तर आम्ही कैदी. माफी झालेली नाही."

"मग द्या की माफी," सर म्हणाले.

"कोण देणार? राजाच देऊ शकतो. दुसऱ्या कोणी दिली तर तो तोतया. तोतयाची रवानगी कोठडीत. आपल्याकडे कोठडी नाही, पण खेळाच्या सामानाची खोली आहे."

सरांनी तोंड उघडलं. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की वर्गात शांतता आहे. संपूर्ण. आपण चुकून बोललो तर, या भीतीने कोणी कोणाशीच बोलत नव्हतं. खिडकीबाहेर एक कावळा फांदीवर चोच घासत होता आणि ते ऐकू येत होतं. सरांनी तोंड मिटलं, घशाची गोळी हळूच काढून कागदात गुंडाळली आणि नोकरीत पहिल्यांदाच सावकाश, हळू आवाजात भागाकार शिकवला.

त्यानंतर ते कशाला माफीचं नाव काढतात?

आठवड्याभरात मैत्रिणीने बाकावर खडूने रेघ ओढली. मग बाकच बदलला. डबा खायच्या वेळी खारू जिथे बसेल तिथून वर्ग उठायचा; तिने मैदानाची एक चक्कर मारली की मैदान रिकामं व्हायचं. मारलं कोणी नाही, चिडवलं कोणी नाही. चिडवणं म्हणजेसुद्धा बोलणंच, असा दिवाणाने निवाडा दिला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे बुक्क्यासुद्धा नव्हत्या.

घरी पहिले काही दिवस खारू दुप्पट बोलली. साठलेलं सगळं यायचं. मग कमी बोलायला लागली. मग एकदा जेवताना बापाने विचारलं, "आज नळ बंद का?" तर म्हणाली, "घरी बोलले की शाळेत पण तोंडात येतं. मग ते गिळावं लागतं." एवढं बोलून तिने घास गिळला. गालात ठेवला नाही. आणि एका हाताने बिल्ला चोळत राहिली.

"काढ तो गळ्यातून," आई म्हणाली.

"काढायचा नसतो. तूच लिहिलंयस."

बाप दुसऱ्याच दिवशी शाळेत गेला, मुलांच्या हात धुवायच्या जागेचा नळ दुरुस्त करण्याच्या निमित्ताने. मधल्या सुट्टीत त्याने सगळ्यांदेखत लेकीला हाक मारली, "काय गं, डबा खाल्लास का?" संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला होता. कैदी.

"काय हे ध्यान?" बाई म्हणाल्या. "काढ."

"दिवाण नको म्हणाला." तो खुर्चीत बसला. "हसू नकोस. शिपायाने मला पाना कुठे ठेवलाय ते सांगितलं नाही. नुसता बघत राहिला. मोठा माणूस आहे तो, मिशा आहेत त्याला."

मग बाई स्वतः गेल्या. वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, हा खेळ मीच लिहिलाय. तो संपला. खारूला मी माफ केलं."

वर्ग दिवाणाकडे वळला. दिवाणाने चष्मा वर सरकवला.

"बाई, तुम्ही राजा आहात का?"

"नाही, पण..."

"मग तुम्ही तोतया." तो आदराने म्हणाला. "नियम तुमचाच आहे. फार चांगला आहे."

सर बाईंना वर्गाबाहेर घेऊन आले. त्यांचा आवाज आता रेशमासारखा झाला होता. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? माझा घसा वाचला. आणि मुलं नियम पाठ करतात हो, स्वतःहून! समिती येतेय ना, मी सांगणार आहे त्यांना." मग जरा थांबून म्हणाले, "मुलीचं वाईट वाटतं. पण अक्षर सुधारलंय तिचं."

राहिला राजा. बाईंनी बँकेतून नंबर मिळवला आणि नव्या गावी फोन लावला. मॅनेजरनी मुलाला बोलावलं.

"बाळा, एकच वाक्य म्हण. 'खारूला माफ केलं.' मी फोन वर्गात नेऊन सगळ्यांना ऐकवते."

 मुलाने हळूच विचारलं, "तिकडे अजून तिच्याशी कोणी बोलत नाही?"

"नाही रे."

"मी सांगितलं नाही म्हणून?"

"हो. तू म्हणालास की लगेच बोलतील."

"सगळे माझी वाट बघतात?"

"सगळे."

 मागे कुणीतरी खोकी सरकवत होतं.

"इथे माझं कोणीच ऐकत नाही," मुलगा म्हणाला. "खेळायला पण घेत नाहीत. मग तिकडचं राहू दे तसंच." आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर तो म्हणे खेळायला गेला होता.

त्या संध्याकाळी नवरा बराच वेळ पुठ्ठ्याच्या बिल्ल्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "सोडतच खोटी होती, असं सांग."

"म्हणजे?"

"तू पोरीला आधी सांगितलं होतंस, कुठला उचलायचा. लबाडी झाली. सोडत खोटी तर बिल्ला खोटा. बिल्ला खोटा तर कैद खोटी. त्या चष्मेवाल्याला हे पटेल. त्याला असलंच पटतं."

खारूने पहिल्यांदा मान वर केली.

बाईंनाही ते पटलं. उलटून पालटून पाहिलं, कुठे भोक नव्हतं. समिती येईल, सगळ्यांसमोर सांगायचं, पोर सुटेल. पारितोषिक जाईल. पागा जाईल. सुतार येईल. खिंकाळणारा घोडा येईल.

"सांगते," बाई म्हणाल्या.

"नक्की?" खारूने विचारलं. कित्येक दिवसांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आई आहे मी तुझी."

समिती थेट वर्गात आली. तिघं जण, तिघांच्या हातात सारख्याच फायली. अधीक्षक मॅडम इस्त्रीच्या कपड्यांत. सरांनी शांतता दाखवली. समितीने ती बराच वेळ ऐकली. दिवाणाने नियम म्हणून दाखवले. मग खारूला पुढे उभं केलं गेलं, नमुना म्हणून, आणि समितीच्या अध्यक्षांनी तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं.

"आणि ही कैदी. तुमचीच मुलगी ना, बाई? विलक्षण. स्वतःच्या मुलीलाही सूट दिली नाही."

"त्यांचं तत्त्व आहे ते," मॅडम म्हणाल्या. "सगळा डोलारा सोडतीवर उभा आहे. सोडतीत खोट असती तर आम्ही नावच पाठवलं नसतं."

"अर्थातच," अध्यक्ष म्हणाले. "मग औपचारिकता म्हणून विचारतो. सोडत निष्पक्ष होती?"

खारू आईकडे बघत होती. वर्ग बाईंकडे बघत होता. दिवाणाने तर पेन उघडून ठेवलं होतं.

बाईंना सुताराचा टेप डोक्यावरून जाताना जाणवला. त्यांनी मनात वाक्य जुळवलं. छान जुळलं. तोंड उघडलं.

"पूर्णपणे," त्या म्हणाल्या.

खारू रडली बिडली नाही. तिने आईकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, ती अजून काही बोलते का ते. मग तिचा अंगठा बिल्ल्यावर गेला आणि फिरायला लागला. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पण शब्द काढला नाही. नियम त्यांनाही आवडला होता.

बाईंच्या आजीकडे एक म्हण होती, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बाईंना ती त्या क्षणी आठवली, आणि पुढच्या क्षणी सातव्या कृतिपत्रिकेत घालता येईल असंही वाटलं. कामाची सवय.

आता पागा बाईंची आहे. सुतार येऊन गेला तो पारितोषिकासाठी चौकट करायला. साहित्याची दुसरी आवृत्ती निघते आहे, आणि मॅडमच्या सूचनेनुसार तिच्या शेवटच्या पानावर एक नमुना छापला जाणार आहे: सहावी कृतिपत्रिका, 'कैद्याने राजाला लिहिलेला विनंती अर्ज'. वर्गात सगळ्यांनी लिहिले, पण सरांनी पैकीच्या पैकी गुण एकीलाच दिले. 'नमुना अचूक, अक्षर सुवाच्य,' असा शेरा आहे. बाईंनी तो अर्ज छपाईसाठी पुन्हा वाचला, एक विरामचिन्ह दुरुस्त केलं, आणि नवऱ्याला दाखवला नाही.

प्रति,
माननीय राजे,
(नवीन पत्ता माहीत नाही)

विषय: एक शब्द बोलला जाण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की मी आपल्या राज्यातील कैदी आहे. मला माफी द्यावी असे माझे म्हणणे नाही, कारण सोडत पूर्णपणे निष्पक्ष होती, असे माझ्या आईने समितीला सांगितले आहे. माझी वर्तणूक चांगली आहे. मी आता कुठेच बोलत नाही. तरी मधल्या सुट्टीत बाकावर कोणाला जागा हवी असेल, आणि त्याने मला चुकून "सरक" असे म्हटले, तर ते बोलणे म्हणून धरण्यात येऊ नये व त्या व्यक्तीस शिक्षा होऊ नये, ही नम्र विनंती.